पुरुष मंडळाची दर्यासहल: कुलाबा, थळ आणि खांदेरी

आमच्या कॉलनीत महिला मंडळ कित्येक वर्षं जोरात चालू आहे, भिशी, हळदीकुंकू, अष्टविनायक, सगळं साग्रसंगीत, आणि पुरुष मंडळ म्हणजे संध्याकाळी पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकांवर बसून गुडघ्यांवर आणि राजकारणावर चर्चा करणारी दहा-पंधरा डोकी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा त्या बाकांवर जरा वेगळा विषय निघाला. आमचे मास्तर (शाळेत इतिहास शिकवायचे, आता आम्हाला शिकवतात) म्हणाले, यातला मुंबईला सगळ्यात जवळचा किल्ला कोणता सांगा. कोणी लोहगड म्हटलं, कोणी शिवनेरी. उत्तर होतं खांदेरी. आणि खांदेरी कोणी बघितलाय का विचारलं तर एकही हात वर नाही. राजगडावर मुक्काम करून आलेले, रायगड पाचपाच वेळा चढलेले लोक आम्ही, आणि आयुष्य समुद्राच्या काठी काढून समुद्रातला एक किल्ला माहीत नाही. मग ठरलं, जायचं. अलिबागचा कुलाबा आणि खांदेरी, शनिवार-रविवार.

ठरवणं सोपं, तारीख काढणं कठीण. कारण कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी पाहिजे आणि ती आपल्या सोयीच्या वेळेला पाहिजे. आमच्यात एक मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले चीफ इंजिनिअर आहेत, त्यांना सगळे चीफच म्हणतात, ते मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल काढून बसले. अण्णा मूळचे रेवसच्या बाजूचे, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी कालनिर्णय मागवलं. म्हणाले तिथीची पाऊणपट कर. म्हणजे तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. त्रयोदशीला तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. म्हणजे ओहोटी चारच्या सुमारास. चीफच्या टेबलाशी तासाभराच्या आतबाहेर जमलं. माघातली त्रयोदशी शनिवारी आणि (मधल्या चतुर्दशीचा क्षय, म्हणून) पौर्णिमा लगेच रविवारी, शिवाय पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही खोल, पाणी चांगलं मागे जाणार. अष्टमीच्या जवळपास गेलो असतो तर भांगाची भरती, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, किल्ल्यापर्यंत मांडीभर पाण्यातून जावं लागलं असतं.

शनिवार, माघ शुद्ध त्रयोदशी

पहाटे टेंपो ट्रॅव्हलर कॉलनीच्या गेटवर. सोळा जण, त्यातले चार मधुमेही, त्यामुळे गाडीत गोळ्यांचे डबे आणि शंकरपाळ्यांचे डबे सारख्याच संख्येने. भाऊच्या धक्क्यावर गाडीसकट रो-रोत चढलो. २०२० साली ही सेवा सुरू झाल्यापासून अलिबागला जायचं म्हणजे पेण-वडखळ मार्गे कंबर मोडून घ्यायची गरज राहिलेली नाही, तासाभरात मांडवा. वरच्या डेकवर गेलो तर गार वारा, सीगल आमच्या बरोबरीने उडताहेत आणि बापू त्यांना चकल्या टाकताहेत (त्यांना टाकू नका म्हणून सांगितलं, पण बापूंना कोण सांगणार).

बोट सुटली की डाव्या हाताला जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, त्यामागे घारापुरीचा डोंगर, उजव्या हाताला नेव्हीची जहाजं. चीफ एकेका जहाजाची माहिती द्यायला लागले. मास्तरांनी मध्येच टोचलं की मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव काय माहितीय का, आयएनएस आंग्रे, १९५१ पासून. ज्यांना ईस्ट इंडिया कंपनीने चाचे म्हणून बदनाम केलं त्यांच्याच नावाने आज तिथे झेंडा लागतो, याचं मास्तरांना फार समाधान आहे, दर सहलीत एकदा तरी येतं.

अण्णा मात्र गप्प होते. मांडवा दिसायला लागलं तसं त्यांनी हात करून दाखवलं, ती बाजू, काशाचा खडक. रामदास बोट तिथे गेली. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरूनच सकाळी आठच्या सुमाराला निघाली होती, रेवसला जायला. दुसऱ्या दिवशी अवस, गटारी, मुंबईत गिरणीत आणि बाजारात कामाला असलेले लोक घरी निघालेले, बोट गच्च. पाऊस, वारा, लाटा, लोक भिजू नये म्हणून एका बाजूला सरकले, आणि मोठी लाट आली तशी बोट कलंडली. सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नाही. रेवसच्या बाजूचे कोळी मच्छी घेऊन मुंबईला निघाले होते, त्यांनी होड्यांतली मच्छी समुद्रात फेकली आणि माणसं भरली. अण्णा तेव्हा फार लहान, त्यांना आठवतं ते एवढंच की आजीने पुढे कित्येक वर्षं गटारीला घरात काही गोडधोड किंवा मटण शिजू दिलं नाही. स्वातंत्र्याला महिना राहिलेला, त्या धामधुमीत ही गोष्ट मागे पडली असं मास्तर म्हणाले. मला तर वाटतं की ती बोट कोकणातल्या गरीब चाकरमान्यांची होती म्हणूनही मागे पडली. टायटॅनिक सगळ्यांना पाठ आहे, रामदास आमच्या सोळा जणांत अण्णा, मास्तर आणि मी सोडून कोणालाच नीट माहीत नव्हती. बापूंनी चकल्यांचा पुडा खिशात ठेवून दिला.

मांडव्याला उतरून मिसळ खाल्ली (ठीक होती, पाव शिळा) आणि किहीमच्या पुढे नवगावला थांबलो. हा थांबा प्लॅनमध्ये नव्हता, मास्तरांनी आयत्या वेळी घुसवला. इथे बेने इस्रायल लोकांचं स्मारक आहे. त्यांची परंपरा अशी की फार पूर्वी, किती पूर्वी यावर एकमत नाही, त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून ही जमात वाढली. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवायला घेतले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव पाडलं शनिवार तेली. पुढे जिथे राहिले त्या गावाची आडनावं लावली, मराठी बोलले, मराठीत कीर्तनं केली. बरेचसे इस्रायलला गेले पण अलिबागमध्ये इस्रायल आळी अजून आहे आणि तिथलं सिनेगॉगही. आम्ही गेलो तोही शनिवारच, आजूबाजूला चिटपाखरू नाही, नारळीची झाडं आणि दगडी थडगी. आमचे खजिनदार नास्तिक आहेत पण त्यांनीसुद्धा चप्पल काढली.

अलिबागमध्ये पहिल्यांदा कान्होजी आंग्र्यांची समाधी. गावाच्या मधोमध आहे, बाहेर रिक्षा, टपऱ्या, आत गेलं की एकदम शांत, आंग्रे घराण्यातल्या बाकीच्यांच्याही समाध्या आहेत. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. मास्तरांनी चौथऱ्यापाशी आम्हाला उभं करून तास घेतला आणि खरं सांगायचं तर चांगला घेतला. कान्होजींचं मोठेपण नुसत्या लढायांत नाही, दस्तकात आहे. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचं (मराठा आरमाराचे प्रमुख, म्हणजे कान्होजीच) दस्तक घ्यायचं, पैसे भरायचे, मग जा बिनधास्त. नाही घेतलं तर जहाज पकडणार. आता पोर्तुगीज हेच दोनशे वर्षं करत होते, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणायचे, तेव्हा तो कायदा होता. कान्होजींनी केलं की चाचेगिरी! भांडण खरं कशावरून पेटलं तर कंपनीचं म्हणणं की आमच्या परवान्याखाली इथल्या देशी व्यापाऱ्यांचा मालसुद्धा फुकट जाऊ द्या. कान्होजी म्हणाले तुमचा माल तुमचा, बाकीच्यांनी पैसे भरायचे. बरोबरच होतं त्यांचं.

मग १७२१ ची गोष्ट. इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले, इंग्लंडहून आरमारी जहाजं घेऊन कमोडोर मॅथ्यूज आलेला, शाहू महाराजांकडून कान्होजींच्या मदतीला बाजीराव घोडदळ घेऊन आले. हल्ला फसला. फसल्यावर मॅथ्यूज इतका भडकला की पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात त्याने आपली छडी खुपसली म्हणतात. पोर्तुगीजांनी सरळ मराठ्यांशी तह करून टाकला आणि इंग्रज हात हलवत परत. हे ऐकून आमच्यातले सगळ्यात झोपाळू सदस्यही जागे झाले.

जेवण. बापूंचं खातं. जिताडा मिळाला नाही म्हणून त्यांचा चेहरा उतरला, सुरमई आणि बोंबलावर भागवलं, सोलकढी दोनदा मागवली. जेवून समुद्राकडे जाताना भूचुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवली. ही वेधशाळा आधी मुंबईच्या कुलाब्यात होती, शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेने वाचनं बिघडतील म्हणून १९०४ पासून काम इकडे अलिबागला. चीफ गेटवरच पंधरा मिनिटं रेंगाळले, होकायंत्रावर ज्याचं आयुष्य गेलं त्याला तिथून ओढून काढणं सोपं नाही.

तीन वाजता किनाऱ्यावर. किल्ला समोर, मध्ये पाणी ओसरतंय, घोडागाड्यावाले ओरडताहेत. गुडघेवाल्या चौघांना घोडागाडीत बसवलं, बाकीचे चालत. घोट्याएवढं पाणी, खाली वाळू टणक, मध्येमध्ये खडक शेवाळलेले, तिथे जपून. महादरवाजावर कोरलेले हत्ती, शरभ बघत आत.

कुलाबा शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या वेळी पुरा झाला. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तटाचे दगड. भलेमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेत, सांध्यात चुना नाही. मी एका सांध्यात हात घातला तर मनगटापर्यंत गेला, आत ओलसर गार आणि बारके खेकडे पळाले. लाट आदळली की पाणी त्या फटींत शिरतं, लाटेचा जोर विभागून जातो, भिंतीला धक्का कमी बसतो. चीफ म्हणाले मरीन ड्राइव्हला ते सिमेंटचे चौपायी ठोकळे टाकलेत त्यांचं तत्त्व हेच. साडेतीनशे वर्षं रोज दोन भरत्या खाऊन तट उभा आहे आणि आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर तिसऱ्या पावसाळ्यात पडलं, हे कोणीतरी बोलणारच होतं, खजिनदार बोलले.

आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ, पुष्करणी, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर. तिथलं पाणी प्यायलो नाही, डॉक्टरांनी बाहेरचं पाणी मना केलंय अशी माणसं आमच्यात जास्त.

आता तोफांची गंमत. उत्तरेच्या बाजूला तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत आणि येणारा प्रत्येक जण त्यांच्यावर हात ठेवून फोटो काढतो, जय भवानी वगैरे. आमच्यातल्या तिघांनी काढलेही. मग चीफनी चष्मा वर करून त्यावरची अक्षरं वाचली. डॉसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्नवर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड, १८४९. आणि आंग्र्यांचं राज्य कंपनीने खालसा केलं १८४० मध्ये! म्हणजे ज्या तोफेवर हात ठेवून आपण छाती फुगवतो ती इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर नऊ वर्षांनी इंग्लंडात ओतलेली. बाजूला एक साधी पाटी लावायला काय जातं कळत नाही. ज्यांनी फोटो काढले होते त्यांनी डिलीट केले नाहीत, ग्रुपवर टाकलेच.

पाच वाजून गेल्यावर गाडीवान घाई करायला लागले. सोबतच्या एका दुसऱ्या ग्रुपमधली तरुण पोरं रील करत सर्जेकोटाच्या (कुलाब्याला लागूनचा छोटा कोट) बाजूला निवांत, त्यांना अण्णांनी बोलावून सांगितलं की बाबांनो पाणी फिरलं की समोरून येत नाही, आधी मागची खोलगट जागा भरते आणि मग कळतं की रस्ता गेला. पोरांनी ऐकलं हे विशेष.

रात्री थळजवळ एका वाडीत मुक्काम, पोपटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थंडीत वालाच्या शेंगा आल्या की रायगडात शेतावर हा कार्यक्रम असतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेलं चिकन, बटाटे, अंडी, थर लावून तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. झालं की नाही बघायला वाडीच्या मालकाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं आणि लगेच सुकलं, म्हणाला झाली. मडकं उघडल्यावरचा तो पाल्याचा वास, मी आता लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय. सीझन संपत आला होता, शेंगा जरा जून होत्या, तरी एकही उरली नाही.

जाळाभोवती बसून भांडण झालं ते १७५६ वरून. कान्होजी गेल्यावर मुलांच्यात वाटण्या, भांडणं, एक कुलाब्याला एक विजयदुर्गाला, आणि शेवटी तुळाजी आंग्र्यांच्या विरुद्ध नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जाळलं. खजिनदार म्हणाले आपलंच आरमार आपण शत्रूकडून जाळून घेतलं, यापेक्षा मूर्खपणा नाही. मास्तर म्हणाले तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, किनाऱ्यावर सगळ्यांना त्रास देत होता, पेशव्यांनी काय करायचं होतं. चीफ म्हणाले माणूस काढायचा होता तर काढायचा, जहाजं कशाला घालवली, जहाज बांधायला सागवान, सुतार, वर्षं लागतात. मी चीफच्या बाजूने आहे. पुण्यात बसलेल्यांना घोडा कळायचा, गलबत कळत नव्हतं, एवढंच मला त्यातून दिसतं. साडेअकराला वाडीच्या मालकाने नम्रपणे सांगितलं की शेजारी लोक झोपलेत.

रविवार, माघी पौर्णिमा

सकाळी आठला थळच्या किनाऱ्यावर. बेटावर जाण्याच्या परवानगीची कागदपत्रं चीफनी आधीच करून ठेवली होती, हे ज्यांना जायचंय त्यांनी लक्षात ठेवा, बेट पोर्टकडे आहे, वर दीपगृह आहे, मनात आलं आणि गेलो असं करू नका. मासेमारीचीच बोट ठरवलेली, लाइफ जॅकेटं मात्र सगळ्यांना, अण्णांनी स्वतः एकेकाचे बंद ओढून बघितले, कालच्या रामदासनंतर कोणी हूं की चूं केलं नाही. पाणी चढत होतं म्हणून बोट अगदी जवळ आली, तरी गुडघाभर पाण्यातून चढायचं, आणि साठीच्या पुढची माणसं होडीच्या काठावर पाय टाकून आत पडतात ते दृश्य कोणी शूट केलं नाही हे बरं झालं.

सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे, मतलई, त्यामुळे जाताना दर्या शांत. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, साठीचा असेल, काळा रापलेला, त्याचे वाडवडील सगळे इथलेच. दुपारनंतर वारा फिरतो, समुद्रावरून उठतो, बोट उडते, म्हणून बाराच्या आत परत यायचं हे त्याने आधीच बजावलं. उंदेरी बेट किनाऱ्याजवळच, डाव्या-उजव्या बाजूला खडकच खडक, आणि त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत खांदेरी, दोन टेकड्या आणि मध्ये खिंड.

बोटीतच मास्तरांनी १६७९ काढलं आणि या वेळी तांडेलही त्यात पडला, त्यामुळे मजा आली. तर १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी महाराजांनी मायनाक भंडारीला माणसं, सामान देऊन खांदेरीवर पाठवलं, तट बांधायला घ्या. मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली कारण बंदरात शिरणारं प्रत्येक जहाज इथून दिसतं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात थॉर्प नावाच्या अधिकाऱ्याने बेटावर उतरायचा प्रयत्न केला, तो मारला गेला. १८ ऑक्टोबरला महाराजांच्या दौलतखानाचं आरमार किनाऱ्याकडून त्यांच्यावर चालून गेलं, डव्ह नावाचं त्यांचं जहाज मराठ्यांनी पकडलं, बरीचशी पळाली, केग्विनचं रिव्हेंज तेवढं उभं राहून लढलं. आणि हे चालू असताना बेटावर रसद पोचतच राहिली, बांधकाम थांबलंच नाही.

बापूंनी विचारलं की वेढा होता तर होड्या पोचत कशा होत्या. मास्तर काही सांगायच्या आधी तांडेल म्हणाला, "रातचा वारा पडतो ना. मोठं जहाज शिडाचं, वाऱ्याबिगर काय करंल? आपली होडी वल्ह्याची. आनि ह्या खडकांमंदी त्याला पाणी नाय, आपल्याला हाय." मास्तर म्हणाले हेच, अगदी हेच इंग्रजांच्या पत्रांतही आहे, मराठ्यांच्या चपळ बारक्या होड्या आमच्या हातून निसटतात अशी त्यांची रड. मग तांडेलाने इंजिन हळू करून खाली हात दाखवला, हिरव्या पाण्याखाली काळं काहीतरी, खडक, दोन वाव सुद्धा पाणी नसेल. आम्ही सगळे एकदम एका बाजूला वाकलो आणि अण्णा ओरडले, बसा! एका बाजूला जाऊ नका!

पुस्तकात खांदेरीची लढाई दोन ओळींत असते, आणि त्या ओळींत राजे, सरदार असतात. ती जिंकली ती रात्री वल्ही मारणाऱ्या कोळी-भंडाऱ्यांनी, ज्यांना कुठल्या तिथीला कुठल्या खडकावर किती पाणी असतं ते पाठ होतं. आणि ते ज्ञान अजून थळच्या किनाऱ्यावर लुंगी नेसून बिडी ओढत बसलेलं आहे, आपण त्याच्याकडून फक्त पापलेटचा भाव करून घेतो.

बेटावर धक्का आहे, उतरायला त्रास नाही. समोरच वेताळाचं देऊळ, शेंदूर नाही, पांढरा रंग दिलेली मोठी शिळा, कोळ्यांचं जागतं दैवत. तांडेलाने नारळ फोडला, आम्हीही हात जोडले. पुढे गेलं की तो प्रसिद्ध दगड, त्याच्यावर बारक्या दगडाने ठोकलं की धातूच्या भांड्यासारखा टण्ण आवाज येतो. सोळा प्रौढ गृहस्थांनी रांगेत उभं राहून एकेकाने वाजवला, काहींनी दोनदा. का वाजतो यावर चीफनी थिअरी मांडली, तांडेल म्हणाला देवाचा दगड आहे, विषय संपला.

दीपगृह १८६७ चं, अष्टकोनी, पंचवीसेक मीटर उंच. टेकडी चढून तिथवर गेलो, चार-पाच जण खालीच तोफांपाशी सावलीला बसले. वरून जे दिसतं ते बघितल्यावर नकाशा लागत नाही. उत्तरेला धुरकट मुंबई, पूर्वेला थळ आणि खत कारखान्याच्या चिमण्या, मध्ये हाताच्या अंतरावर उंदेरी. इंग्रजांना खांदेरी घेता आलं नाही तेव्हा जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरीवर ठाण मांडलं आणि तिथून इकडे तोफा डागायला लागला. म्हणजे ही दोन बेटं कित्येक वर्षं समोरासमोर उभी राहून एकमेकांवर गोळे टाकत होती, आणि मधून मच्छीमार आपली जाळी टाकत असणार, कारण पोटाला सुट्टी नसते. १७१८ मध्ये इंग्रज पुन्हा आले खांदेरी घ्यायला, तेव्हा कान्होजी होते, पुन्हा तसेच परत गेले.

तटबंदी बरीच धड आहे, काही ठिकाणी झाडांच्या मुळ्यांनी चिरे सुटलेत. प्लास्टिक भरपूर, तेही आम्हा मुंबईकरांचंच, भरतीबरोबर येऊन खडकांत अडकलेलं. खजिनदारांनी दोन पिशव्या भरून बोटीत टाकल्या, बाकीच्यांनी मग लाजून भरल्या. युनेस्कोची पाटी येईल, धक्का वाढेल, बोटी वाढतील, तेव्हा या बेटाचं काय होईल याची मला जरा काळजीच वाटते.

साडेअकराला तांडेल हाका मारायला लागला. परतताना वारा खरंच फिरला होता, बोट दणादण, तोंडावर खारं पाणी, बापू पहिल्यांदाच दहा मिनिटं गप्प. थळला उतरलो तेव्हा पाणी पार वाडीच्या बांधापर्यंत. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, अण्णांनी घड्याळ न बघता सांगितलं की आत्ताच फिरलं असेल.

जेवून मांडव्याची रो-रो. पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्यावर नुकत्या दिसायला लागल्या होत्या, भाव ऐकून दोघांनीच घेतल्या. खजिनदारांनी बोटीतच हिशेब मांडला, माणशी थोडे पैसे परत आले, ते मंडळाच्या खात्यात टाका असं ठरेपर्यंत मुंबई आली.

पुढची सहल कुठे यावर अजून एकमत नाही. मास्तरांना चौल-रेवदंडा आणि कोर्लई हवंय, चीफ म्हणतात मुरूड-जंजिरा, सिद्दीची बाजूही बघायला पाहिजे ना, एकतर्फी इतिहास काय कामाचा. बापूंना जिथे जिताडा मिळेल तिथे. आणि महिला मंडळाने निरोप पाठवलाय की खांदेरीला आम्हालाही न्या, तर त्यासाठी मार्चच्या आतली तिथी बघणं चालू आहे, शनिवार-रविवार आणि सकाळची भरती दोन्ही जुळायला हवं. अण्णांनी कालनिर्णय घरी नेलंय.